ड्राय बाल्कनी

—नाही नाही सिस्टर, हॉलमध्ये बसून काय कळणार तुम्हाला, इथं आत या, स्वयंपाकघरातून सरळ. ही आमची ड्राय बाल्कनी — नाव ड्राय, बाकी बारा महिने ओली — जरा जपून हां, लादी आत्ताच घासलीय, आणि आता घ्या वास. घ्या की. लाजताय कशाला, तुम्ही वृद्धाश्रमातल्या, तुमच्या नाकाला हे काय नवं? येतोय? नाही ना? झालं तर मग. पहाटेपासून लागलोय. कपड्यांचं मशीन भिंतीपासून ओढलं, एकट्यानं, मागं हे एवढं काळं साठलेलं. पावडरचा खण काढून ब्रशनं खरवडला, दाराचं रबर उलटं करून व्हिनेगरनं पुसलं — त्या रबराच्या घडीत काय घाण बसते म्हणता! — खालच्या मोरीची जाळी काढली, सोडा टाकला, वरून कढत पाणी ओतलं, आणि मग मशीन रिकामंच फिरवलं. एस.टी.च्या वर्कशॉपला होतो मी, विटा डेपोला, इंजिनं धुतलीत, हे मशीन म्हणजे काय. तर आता तुम्ही असं करा, तुमच्या मॅडमना फोन लावा आणि सांगा — विठ्ठलराव ठणठणीत आहेत, घरात वास नाही, त्यांना ठेवून घ्यायची गरज नाही. एवढंच. ऋषिकेशला मी समजावतो.

तसा पोरगा वाईट नाही हो. तुम्हाला त्यानं फोनवर सांगितलंच असेल — वडील झोपेत गादी ओली करतात, डायपर लावत नाहीत, कुणाचं ऐकत नाहीत. खरंय. पुडेच्या पुडे मागवले त्यानं, मी माळ्यावर टाकले. तरी सोसलं पोरानं. सूनसुद्धा बोलली नाही, ऋतिका, आयटीत आहे, दमून येते बिचारी. पण गेल्या आठवड्यात जुईली, नात माझी, दुसरीतली, शाळेच्या बसमधून रडत उतरली. पोरं म्हणाली, तुझ्या युनिफॉर्मला शूचा वास येतो. झालं. त्यावर कोण काय बोलणार? एकाच मशीनला सगळ्यांचे कपडे. त्याच दिवशी ठरलं, आबांना, म्हणजे मला, पौडच्या पुढं तुमच्या आश्रमात ठेवायचं, जागा छान आहे, झाडं आहेत, डोंगर दिसतो. डोंगर काय करायचाय मला? डोंगर बघतच जन्म गेला. म्हणून म्हटलं, वासच घालवू. वास गेला की कारणच गेलं. पटतंय ना तुम्हाला?

अहो — त्या ढिगाला हात लावू नका, आजचे आहेत ते, धुवायचे राहिलेत — तुम्ही कशाला — हं, पायजमा माझाच. हुंगताय काय? … वास कसा नाही? नुसतं पाणी? असेल. पाणी फार पितो मी. आणि तो गाऊन तिचा, अनसूयेचा, एकाच पलंगावर झोपतो ना आम्ही, माझ्यामुळं तिचाही भिजतो. … त्याला येतोय? येणारच की, माझ्यामुळंच — म्हणजे माझ्याकडून तिच्याकडं — असं बघू नका हो माझ्याकडं. सिस्टर, असं बघू नका. ते दार लावा. लावा आधी. भाजीला गेलीय ती खाली, येईल एवढ्यात.

मी नाही करत. झालं समाधान? मी कधीच केलेलं नाही. तिचं होतं. रात्रीच्या गोळीनं गाढ झोपते, तिला पत्ताच नसतो. आणि मला डेपोतल्या पहिल्या गाडीची सवय, अंधारातच जाग येते. पहिल्यांदा हात लागला ना गादीला, तेव्हा भ्यालो मी. का सांगू? हिची एक मावशी होती, तिला म्हातारपणी हेच झालं, तर घरच्यांनी खाट उचलून गोठ्याच्या पडवीत टाकली, ताट लांबून सरकवायचे. अनसूयेनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय ते. लग्न झाल्यापासून ऐकतोय मी — माझं कधी असं झालं ना, तर मी जीव देईन, पण कुणाच्या नाकाला पदर लावायची वेळ आणणार नाही. आणि बोलेल ते करणारी बाई आहे ती. मग मी काय केलं? तांब्याभर पाणी घेतलं, माझ्याच पायजम्यावर ओतलं आणि तिला हलवलं — ऊठ गं, माझ्याकडून झालं बघ, तुलाही भिजवलं. तिनं कपाळाला हात लावला, हसली, लहान लेकराचं आवरावं तसं आवरलं माझं. तेव्हापासून हेच. तिला वाटतं मी. सगळ्यांना वाटतं मी. आता डायपर कसा लावू सांगा? मी डायपर लावायचा आणि गादी तरी ओली — मग कुणाचं नाव येईल?

डॉक्टर? गेलो की! बावधनला. तिचं सगळं दुखणं माझं म्हणून सांगितलं. त्यांनी माझी सोनोग्राफी केली, म्हणाले, आजोबा, तुमचं तर तरण्या पोरासारखं आहे. तरी गोळ्या दिल्या काहीतरी. पुरुषाच्या गोळ्या बाईला चालतात का? विचारू कुणाला? तिला घेऊन जायचं तर आधी तिला सांगायला नको? ते तोंडातून निघत नाही माझ्या. खरंच निघत नाही.

आणि आता मला नेलंत, तर? उद्या सकाळी ती एकटी उठेल. गादी ओली असेल आणि शेजारी मी नसेन. कळतंय का तुम्हाला? एका रात्रीत कळेल तिला सगळं. अकराव्या मजल्यावर राहतो आम्ही, सिस्टर. ह्या बाल्कनीला जाळी नाही. — दोघांना न्या म्हणू? ऋषिकेश सोडणार नाही तिला, जुईलीचं सगळं तीच बघते. आणि काय कारण सांगून नेऊ? तुम्हीच करा काहीतरी. जागा नाही म्हणा. म्हातारा भांडखोर आहे म्हणा, शिव्या देतो, अंगावर धावून येतो, काय वाटेल ते सांगा, माझी ना नाही. पाया पडतो तुमच्या — नाही, पडू द्या, पडू द्या मला —

लिफ्ट वाजली. तीच. चेहरा नीट करा तुमचा. एक शब्द काढू नका हां. — ये गं! मागं आहोत आम्ही. ह्या आश्रमाच्या सिस्टर, घर बघायला आल्यात. … हो, झालं. पहाटे पुन्हा झालं माझं. पण हे बघ ना, सगळं घासलं मी, वास येतोय का सांग. … बॅग? कसली बॅग भरलीस? अगं, त्या नुसत्या बघायला — … तू? तू फोन केलास आश्रमाला? ऋषिकेशला तू म्हणालीस, आजच न्या म्हणून? … नको रडू. अगं, लोकांसमोर — नको ना रडू. मी कुठं रागावलोय? काय? जरा मोठ्यानं बोल.

ऐकलंत, सिस्टर? म्हणते, थकले हो मी, एक रात्र तरी मला कोरड्यात झोपू द्या.

सिस्टर, बोला की काहीतरी.