भोंगा झाला की सुटी

बाबांना त्या योग-संगीत महोत्सवाला न्यायची हौस माझीच, त्यामुळे बोल तरी कुणाला लावू? आनंद नगरच्याही पुढे, एका शेतावर होता तो. माझ्या गाडीतून बाबा आणि त्यांचे शेजारी कुलकर्णीकाका, अशी वरात निघाली. दोघांनी आम्ही राहायचो त्या टाउनशिपच्या एकाच कारखान्यात उभी हयात काढलेली. आमच्या लहानपणी तिथला भोंगा झाला, की आई चहाचं आधण ठेवायची आणि गेटातून सायकलींचा लोंढा सुटायचा.

तर तिथे शंभरेक माणसं डोळे मिटून बसलेली. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अब सिर्फ़ आवाज़ सुनिए." आणि एका दाढीवाल्या गृहस्थांनी पुरुषभर लांब कर्णा फुंकला. काय सांगू, थेट आमचा भोंगा!

मी डोळे किलकिले करून बघते, तर बाबा आणि काका उभे! काकांनी चटईसुद्धा गुंडाळलेली.

"अंकलजी, बैठिए ना. ध्यान अभी बाकी है," बाई कुजबुजल्या.

"बेटा, भोंगा होने के बाद हम एक मिनट नहीं रुकते," काका म्हणाले. "ओव्हरटाइम का किसने बोला?"

सगळा मांडव हसला. काकाही हसत खाली बसले. बाबा मात्र चालत सुटले होते. मी धावत गेले, तर ते फाटकाशी उभे राहून खिसे चाचपत होते.

"काय हरवलं, बाबा?"

"अगं, सायकलची किल्ली सापडत नाहीये."