गेटवर आमच्या घराचं नाव

...नाही, पण मला एक सांगा, डायनोसॉर कधी परळला राहत होते का हो? बर्फ पडतो का परळला? तरी डायनोसॉरला जागा आहे, बर्फाला जागा आहे, चंद्रावर उड्या मारायला तर अख्खा मजला आहे! आणि आमच्या तीन पिढ्या ज्या गिरणीच्या भिंतीला पाठ लावून जगल्या, त्याच गिरणीच्या जागेवर हे थीम पार्क उभं राहिल्यावर आम्ही काय विचारायचं? "साहेब, एखादा कोपरा मिळेल का?"

तर मिळाला. कोपरा मिळाला! तुम्हाला सांगते, तिथूनच सगळं बिघडलं.

कंपनीचा माणूस आला चाळीत. वैभव नाव, गळ्यात कार्ड, पायात पांढरे शुभ्र बूट, आमच्या जिन्यात शिरताना असा पाय टाकत होता जसा काही तोच चंद्रावर उतरतोय. म्हणाला, पार्कात दोन कोपरे उरलेत, तिथे इथल्या माणसांच्या गोष्टी करायच्यात. एक गोष्ट पलीकडच्या चाळीने द्यायची, एक तुमच्या चाळीने. आम्ही तिथे सगळं उभं करू, माणसं, आवाज, दिवे. आणि ज्यांची गोष्ट, त्या घराचं नाव गेटवर. दिव्यांत!

दिव्यांत म्हणाला आणि माझं काळीज तिथेच विरघळलं. मला ते नाव हवं होतं. लपवू कशाला? हवं म्हणजे हवंच होतं.

पलीकडच्या चाळीने काय करावं? एका संध्याकाळी बसले, धम्मपालदादांनी आपल्या आजीची, जाईबाईंची गोष्ट सांगितली. नातवंडं झाल्यावर रात्रशाळेत जाऊन वाचायला शिकल्या, आणि मग रोज सकाळी नळावर उभ्या राहून सगळ्या चाळीला पेपर वाचून दाखवायच्या, मधेमधे सरकारला शिव्या स्वतःच्या. सगळ्यांनी हात वर केले, झालं, ठरलं, चहा प्यायले, घरी गेले. इतकी चांगली गोष्ट की मला हेवा करायलाही लाज वाटली. केला, पण लाजत केला.

आणि आमच्याकडे? आमच्याकडे काय? काही नाही!

म्हणजे चाळीकडे आहे हो. आमच्या घराकडे नाही. चाळीकडे कोण आहे? अनुजा आहे! आमच्या समोरच्या खोलीतली. तुम्हाला अनुजा माहीत नाही, सुखी आहात. माझ्या वयाची, माझ्याच शाळेत, माझ्याच बाकावर. शाळेपासून दहीहंडीपर्यंत कुठेही उभी केलीत तरी वेणीतला एक केस बाहेर येत नाही. आणि चाळीतला प्रत्येक म्हातारा मला बघून काय म्हणतो? "जरा अनुजासारखं हळू बोलावं गं मनवा!" अरे, मी हळू बोलले तर तुम्हाला ऐकू येणार आहे का?

तर अनुजाचे आजोबा लवू. आता नाहीत. ते दशावतारात संकासुर व्हायचे. काळे कपडे, काळा टोप, ही एवढी लोंबणारी लाल जीभ. एकदा चाळीच्या पटांगणात रात्रभर नाटक रंगलं, उजाडलं, आणि गिरणीचा भोंगा झाला. कपडे बदलायला वेळ कुठला? लवूआजोबा तसेच धावत कामावर! जीभ लोंबतेय, आणि हे आपले साच्यावर, म्हणजे मागावर, उभे. त्यांचा जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, नवीन आलेला, आजोबांची शिमग्याची रजा अडवून बसलेला, कोकणातला नव्हता, त्याने दशावतार जन्मात पाहिलेला नाही. त्याने वळून बघितलं... तो जो किंचाळत सुटला तो कापसाच्या गाठींच्या ढिगावर जाऊन चढला. आजोबा म्हणतात, "अहो, मी लवू!" तर हा वरूनच हात जोडून ओरडतो, "लवू, तुझी शिमग्याची रजा मंजूर! परत येऊ नकोस, आरामात ये!"

बघा, हसलात. हसलात ना? मी पण हसले होते. चाळीच्या कमिटीसमोर अनुजा सांगत होती, त्या तिच्या मऊ आवाजात, आणि माझ्याच तोंडातून हसू फुटलं, मी ते घाईघाईने खोकल्यावर नेलं. वाईट असती गोष्ट तर मी एवढी जळले असते का? चांगली होती, हाच तर त्रास!

आणि आमच्याकडे? काही नाही!

माझे आजोबा गंगाधर, त्याच गिरणीत. काय करायचे? भोंगा वाजवायचे. लवूआजोबांना धावायला लावणारा तो भोंगा आमच्या आजोबांनी वाजवलेला, आणि नाव कोणाचं? मी पप्पांना धरलं. "पप्पा, आजोबांची एखादी गोष्ट सांगा ना." पप्पा ताठ बसले. "तुझ्या आजोबांनी आयुष्यात एकदाही भोंगा उशिरा वाजवला नाही!" मी म्हटलं, "पप्पा, एकदा तरी वाजवला असता तर गोष्ट झाली असती हो!" ते दुखावले. दोन दिवस माझ्याशी बोलताना मला 'आपण' म्हणत होते.

मग पप्पांच्या बहिणीला, रखमाआत्याला फोन लावला. म्हटलं, हिला सगळं पाठ असतं. "आत्या, आपल्या घरात कोणी पळून जाऊन लग्न केलं?" "शी! आमच्यात नाही हो असलं." "कोणी घर सोडून गेलं?" "गेले ना, तुझे आजोबाच गेले होते." मी उठून बसले. "कुठे?" "भायखळ्याला, भाजी आणायला. जेवायला परत आले." "आत्या, संप! एवढा मोठा संप झाला, आजोबा संपात होते ना?" "होते म्हणजे? बसले होते." "मग काय केलं त्यांनी?" "सांगितलं ना, बसले!" "अगं कोणी कधी काही चोरलं तरी?" आवाज खाली आणला तिने. माझ्या अंगावर काटा! म्हणाली, "तुझ्या चुलतआजोबांना एकदा ट्राममध्ये छत्री सापडली होती." "आणि?" "परत दिली."

परत दिली! अख्ख्या खानदानात एक छत्री हाताला लागली, ती पण परत दिली! तुम्हाला सांगते, दुसऱ्यांच्या घरात सोनंनाणं असतं म्हणून लोक जळतात, मी दुसऱ्यांच्या घरातल्या भानगडींवर जळते.

तरी मी हरले नाही. मास मीडियाची डिग्री काय भिंतीवर टांगायला घेतली? भोंग्यावर स्लाईड केल्या. कमिटीसमोर उभी राहिले. कमिटी म्हणजे मनूकाका, चाळीचे अध्यक्ष, मी जन्मायच्या आधीपासून अध्यक्ष, आणि त्यांना हो म्हणणारे दोघे. मी म्हटलं, "लोक येतील, समोर मोठी दोरी, ती ओढायची, आणि... भोंगा!" मनूकाका म्हणाले, "बरां. आणि मगे?" "मग... लोक कामाला जातात." "खंय, पार्कात?" वैभव हळूच म्हणतो, "मॅम, लोक आपल्याकडे रविवारी येणार. भोंगा ऐकून त्यांना सोमवार आठवेल."

अनुजा मागच्या खुर्चीत. हसली नाही हो! तिने मान तिरकी करून माझ्याकडे दयेने पाहिलं. हसली असती तर मी माफ केलं असतं.

आता सरळ काय करायचं? अनुजाची गोष्ट घ्यायची, मोकळं व्हायचं. मी रडले असते, आदळआपट केली असती, पण निकाल तर लागला असता! पण नाही. आमच्या मोठ्यांना कोणाला नाही म्हणता येत नाही. मनूकाकांनी टोपी काढली, घातली, म्हणाले, "दोनय घरां आपलीच. आपण कोण ठरवणारे? देवाक कौल लावूया."

कौल! तुमच्यात कोकणातलं कोणी असेल त्याला माहीत आहे. नसेल त्याला सांगते. आमच्या पटांगणात छोटी देवळी आहे, गावाहून आणलेला देवाचा पाषाण आहे तिच्यात. काही ठरत नसलं की त्या पाषाणावर दोन बाजूंना पाण्याने फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि वाट बघायची. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. शिमग्याला गावी कधी निघायचं, पाण्याची टाकी कुठे बसवायची, सगळं आमच्याकडे देव ठरवतो. टाकी जिथे बसवली तिथे पाणी चढत नाही, ते वेगळं.

मी म्हटलं, "काका, अहो हे थीम पार्क आहे, देव कुठे राईडमध्ये बसणार आहे?" मनूकाका म्हणाले, "पोरी, तू शिकलंस, बरां झालां. आता गप ऱ्हव."

रविवारी सकाळी सगळी चाळ पटांगणात. वैभव मोबाईल वर धरून उभा. देव तर असा चमकत होता, नवा कोरा, शेंदरी! उजवी पाकळी लवूची, डावी गंगाधरची. जी आधी पडेल तिची गोष्ट. मनूकाकांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत..." मागून सगळे, "व्हय म्हाराजा!" "तुका जी गोष्ट बरी वाटात, तिचो कौल दी म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!"

आणि वाट बघितली.

पाकळ्या पडेनात. एक हलेना. मनूकाकांनी परत गाऱ्हाणं घातलं. "कोणाकडसून काय चुकला माकला असात..." दुर्गामावशी मागून पुटपुटली, "गेल्या वर्षीचो नारळ माझ्याकडसून ऱ्हवलो." सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने तिथल्या तिथे नारळ कबूल केला. तरी नाही! ऊन डोक्यावर आलं. पप्पा म्हणतात, "देवाची मर्जी नसेल." अनुजा डोळे मिटून हात जोडून उभी, वेणी जागच्या जागी, आणि दोन बायका आपसात म्हणतात, "पोरगी किती शांत बघा!"

बस्स! माझ्या डोक्यात काय झालं माहीत नाही, मी सगळ्यांना बाजूला सारलं, आणि देवाच्या समोर जाऊन उभी राहिले. "अरे, दे ना एकदाचा काय तो निकाल! तू पण कमिटीत बसलास का रे? आमचा आजोबा जन्मभर वेळेवर उठला, तुझ्या नावाने आंघोळ करून वेळेवर गेला, आणि तुला एक पाकळी पाडता येत नाही वेळेवर? तिची पाड! तिची तर तिची पाड! पण काहीतरी पाड रे!" आणि रागाच्या भरात मी हात घातला पाकळीला.

पाकळी निघेना. ओढली तर अर्धी हातात आली. आणि बोटं? शेंदरी! वास घेतला. तुम्हाला सांगते, ऑइल पेंट! कंपनीचे पाहुणे येणार म्हणून मनूकाकांनी आदल्या संध्याकाळी देवाला रंग लावला होता! ओल्या रंगावर पाकळ्या चिकटवून ही माणसं दुपारपर्यंत देवाची माफी मागत होती!

मी हात वर करून दाखवला. आणि मनूकाका काय म्हणाले असतील? "डब्यावर लिवलेला, लवकर सुकता."

वैभवचा मोबाईल सुरूच होता. धावत आला माझ्याकडे, पांढऱ्या बुटांना शेंदरी रंग लागला तरी बघितलं नाही त्याने. "मॅम, ही! हीच गोष्ट! देवाशी भांडणारी मनवा! लोक पाकळ्या लावतील, म्हातारे गाऱ्हाणं घालतील, आणि मग मुलगी येते आणि भांडते!" कंपनीने आठवड्यात हो म्हटलं. कमिटीने पण म्हटलं, ओल्या रंगाचं नाव काढायचं नाही या एका अटीवर.

आमच्या घराचं नाव गेटवर! दिव्यांत! आणि ज्या क्षणी हे जाहीर झालं ना, त्या क्षणी मी अनुजाकडे बघितलं. तिच्या वेणीतून एक केस बाहेर आला होता. एक! आता मला देवाकडे काही मागायचं नाही. पप्पा रुमालाने डोळे पुसत होते. मला वाटलं आनंदाने. म्हणाले, "आपल्या घरात असं कधीच कोणी केलं नव्हतं गं..." मी म्हटलं, "तेच तर, पप्पा! तेच तर!"

आता संपवते, संपवते. तर रोज तीन शो. म्हातारे खरेच घेतले, मनूकाकांना तर सदरा पण कंपनीने शिवून दिला. मनवाच्या कामासाठी मात्र ऑडिशन. मी म्हटलं, ऑडिशन कशाला, मी आहे ना! "नाही मॅम, नियम आहे." गेले. उभी राहिले, ओरडले. समोरच्या बाई लिहीत होत्या, मान वर करून म्हणतात, "आवाज छान आहे तुमचा. पण तुमच्यात ती मनवा दिसत नाही हो."

काम कोणाला मिळालं, विचारू नका.

परवा घरी आली होती. केस सोडलेले! मुद्दाम विस्कटलेले, कंपनीचा माणूस येऊन विस्कटून जातो म्हणे. तोच मऊ आवाज. "मनवा, रागावू नकोस हं, एक विचारू? तू ओरडतेस ना, तेव्हा श्वास आधी घेतेस की मधे?"

मी काय करणार? दरवाजा लावला, चहा ठेवला, आणि दोनदा ओरडून दाखवलं. एकदा मनापासून. आणि एकदा सावकाश, तिला लिहून घ्यायचं होतं म्हणून.