मामाच्या वळणावर

बयाबाई : मग नारळ परत नेऊ म्हणतोस? आंबीपासनं हितं भाजे गावापत्तर सुपारी फोडायला आले, ती हे ऐकायला?

सोपान : ने. माझी हिरा तुझ्या श्रीपतीला द्यायची न्हाई.

बयाबाई : बारशालाच तिच्या हातात मी कडी घातली, दादा. माझी सून म्हणून घातली. सख्खा भाऊ तू, आन् आता फिरतोस? काय खोट हाय माझ्या पोरात?

सोपान : खोट न्हाई. गुणाचा हाय.

बयाबाई : आगदी मामाच्या वळणावर गेलाय. नाक तुझं, चाल तुझी. सारं गाव म्हणतं.

सोपान : व्हय. त्येच तर.

बयाबाई : काय त्येच? लोणावळ्याचा रेल्वेतला जावई गावला जणू! बरं झालं, आजच कळलं. हितनं पुढं मला म्हायेर न्हाई. माझी पिशवी कुटाय?

सोपान : बस गं बये. बाईमाणसाला सांगायची गोष्ट न्हाई, म्हणून गप हुतो.

बयाबाई : सांगायचं तर सांग. न्हाईतर गाडी चुकंल माझी.

सोपान : आबा गोठ्यामागं उभा राह्यचा, आठवतंय?

बयाबाई : न आठवायला काय झालं? केवढा येळ! आबा म्हशी मोजतोय म्हणून आपण दोघं खिदळायचो.

सोपान : आता मी उभा ऱ्हातो.

(बयाबाई उचललेली पिशवी खाली ठेवते.)

सोपान : लोणावळ्याच्या डाक्टरला दावलं. लघवीच्या वाटंला गाठ हाय. क्यान्सर. घरात आणखी कुणाला, बापाला-चुलत्याला हुता का, म्हणून इचारलं त्यानं.

बयाबाई : कुणाला न्हाई! आबाच्या तर कंबरंत वारा भरला हुता. पानशेत फुटलं त्या साली गेला. दत्तोबाकाका गाडीवरनं पडला आन् खाटंला खिळला.

सोपान : मीबी त्येच सांगितलं. तर म्हणला, पडायच्या आधीपासनं कंबर दुखत हुती का? लघवी अडत हुती का? दोघांचीबी अडायची, बया. ही गाठ हाडात उतरती. कधीकधी एका रक्तात चालत येती, म्हणला.

बयाबाई : पण हिरा तर पोरगी. आन् श्रीपती दुसऱ्या घरचा.

सोपान : बाईला ही गाठ हुत न्हाई, पण तिच्यातनं ल्योकात जात आसंल, असं त्याला वाटतं. नक्की त्यालाबी ठाव न्हाई. पण आपण वळूसुदिक दुसऱ्या गावचा बघतो. तुझ्याकडनंबी आबाचंच रक्त, हिराकडनंबी त्येच. तुझ्या नातवाला दोन्हीकडनं कशाला?

बयाबाई : हिराला ठाव हाय?

सोपान : न्हाई. बाप आडमुठा म्हणून रडती. रडू दे.

बयाबाई : आन् तू? बरा हुशील का रं दादा?

सोपान : पुण्याला बोलावलंय. लय भ्या वाटतंय, बया.

बयाबाई : मी येते संगं. एकटा जाऊ नगंस... आन् मी मेली, मामाच्या वळणावर गेला म्हणून पोराची दृष्ट काढत बसले! आता घरी जाऊन त्याच्या तोंडाकडं बघू कशी?

सोपान : रोजच्यासारखंच बघ. सगळ्यांनाच हुतं असं न्हाई. फकस्त पुढं त्याला पोरं झाली की त्यांना सांगून ठेव. बाप गोठ्यामागं लय येळ उभा राहिला, तर हसायचं न्हाई.