वीतभर मोठा झेंडा

बसच्या रांगेत एका तरुणीच्या पुढेच एक शिंपीकाका आणि त्यांची ताई. काका इतके खुशीत, की तिने मोबाइल ठेवून कानच टवकारले!

“ताई, शेजारच्या दहा देशांची युती झालीय ना, तिच्या परिषदेचे झेंडे मीच शिवतोय!”

“मग सकाळी तोंड का पाडलं होतंस?”

“महासत्ता पाहुणी येतेय. जुन्या सवयीने तिचा झेंडा वीतभर मोठा शिवला. युतीचे साहेब म्हणाले, सगळे सारखे करा, नाहीतर काम दुसऱ्याला.”

“अरे देवा! गेलं काम?”

“छे गं! महासत्तेचा माणूसच धावत दुकानात आला. म्हणाला, हवा तेवढा लहान करा, पण ओळीत लागू द्या.”

“मग तू?”

“म्हटलं, बसा. आधी दहा शेजाऱ्यांचे, मग तुमचा नंबर.”

“आणि बसला?”

“बसला की! सुईत दोरासुद्धा ओवून दिला!”