सोन्या, येते रं!

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे आधारस्तंभ माननीय विठ्ठलराव ढमाले, पिरंगुटचा दवाखाना अर्धा दिवस बंद ठेवून आलेल्या प्रमुख पाहुण्या डॉक्टर मैमुना इनामदार, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते आपले लाडके अमोघ जिंतूरकर, त्यांच्या सौभाग्यवती अनुष्का, आणि चहाकडे एक डोळा ठेवून का होईना, पण शांत बसलेल्या माझ्या कासार आंबोलीकर बंधू-भगिनींनो,

विठ्ठलराव, तो माइक जरा खाली करता का? हां, बास. उंची देवानं दिली नाही, आवाज दिलाय.

मी हेमलता मोहोळ. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात गेला. त्यामुळे अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, तुमी बोला, तुमचं मराठी चांगलं हाय." आता गंमत बघा. ज्या माणसाचा सत्कार करायचा, तो कॉम्प्युटरवाला. हिंजवडीच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा. त्याच्यावर बोलायला मराठीची मास्तरीण कशाला? पण अमोघचा आणि माझा सगळा व्यवहार एका मराठी क्रियापदावरून झाला. ते क्रियापद आज सकाळीही एका घराच्या उंबऱ्यावर उभं होतं. त्याबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही, मग चहा गार झाला तरी चालेल.

अमोघ मूळचा परभणीचा. आमच्या शेजारचा बंगला त्यानं भाड्यानं घेतला, तेव्हा सामानाच्या टेम्पोतून पलंग एकच उतरला आणि खोकी मात्र उतरतच राहिली. मी अनुष्काला विचारलं, "भांडीकुंडी का गं एवढी?" ती म्हणाली, "नाही हो मॅडम, वायरी आहेत." त्या घरात पडदे आपोआप सरकायचे. झाडांना पाणी आपोआप जायचं. फरशी पुसायला एक चपटं गोल यंत्र होतं, ते घरभर फिरायचं. दिवाळीत अनुष्कानं उंबऱ्याच्या आत सुरेख रांगोळी काढली. ती फराळाचं ताट घेऊन बाहेर येते तर काय, फरशी लख्ख! यंत्र कोपऱ्यात जाऊन गुपचूप बसलेलं. अनुष्का, हसू नकोस, त्या दिवशी तू अमोघशी बोलत नव्हतीस ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्या मंडळावरही त्याचे उपकार कमी नाहीत. बोललं की फोन आपोआप लिहितो, हे त्यानंच आपल्याला शिकवलं. अध्यक्षांनी त्याच दिवशी ग्रुपवर बोलून टाकलं, "उद्या सकाळी सभा आहे, सर्वांनी वेळेवर यावे." फोननं लिहिलं, "उद्या सकाळी शोभा आहे, सर्वांनी वेळेवर यावे." पुढचे कितीतरी दिवस वहिनी अध्यक्षांना विचारत होत्या की ही शोभा कोण! विठ्ठलराव, माफ करा, पण निरोपाच्या सभेत थोडं हसायला नको का?

मला सुरुवातीला हा सगळा पोरखेळ वाटायचा. हात-पाय धड असताना पडदा सरकवायला यंत्र कशाला, असं मी त्याच्या तोंडावर बोलले होते. तो म्हणाला, "मॅडम, ज्यांचे हात-पाय धड नाहीत त्यांच्यासाठी. आधी माझ्या घरात चुका करून घेतो, मग त्यांच्याकडं जातो." मला वाटलं, बोलायला काय जातंय! पण ह्या माणसानं बोलल्याप्रमाणे केलं.

आपल्या सगुणाबाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हिरवं लुगडं, हातात वॉकर. हात वर करा सगुणाबाई. दोन्ही नको, वॉकर पडेल. सगुणाबाईंना डोळ्यांनी कमी दिसतं. घरात एकट्या राहतात. मुलगा विश्राम बावधनला फ्लॅटमध्ये असतो. गुणी मुलगा, माझा विद्यार्थी. आईनं बावधनला यावं म्हणून तो किती वर्षं मागे लागलाय. बटन सापडत नाही, गॅस बंद केलाय की नाही ते कळत नाही, त्याचं काळीज हलतं. आणि बाईंचं एकच, "मी माझं घर सोडनार न्हाई." दोघंही बरोबर, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

अमोघनं त्या घरात यंत्र बसवलं. बोललं की दिवा लागतो, पंखा फिरतो, गॅस बंद होतो, दाराचं कुलूपसुद्धा उघडतं. त्याला हाक मारायला नाव ठेवलं 'होम'. सगुणाबाई म्हणाल्या, "होम? म्हंजी हवन हाय का काय घरात?" मग त्यांनीच नाव दिलं, सोन्या. त्यांच्याकडे पूर्वी एक बैल होता त्याचं. "त्यो बी हाक मारली की वळायचा," म्हणाल्या. पण ह्या नव्या सोन्याला पुस्तकी मराठीच कळायचं. बाई म्हणायच्या, "सोन्या, हितला दिवा इझव की रं." सोन्या ढिम्म. मी म्हटलं, अमोघ, आता त्यांना शुद्ध बोलायला शिकवतोस की काय? तर म्हणाला, "त्यांनी कामून शिकावं? यंत्र शिकंल." आणि हा पठ्ठ्या सुट्टीच्या दिवशी त्यांच्या ओट्यावर बसून त्यांचं बोलणं यंत्राला ऐकवत राहिला. हितं, तितं, इझव, लाव की मेल्या, सगळं. मी आयुष्यभर पोरांच्या वह्यांतून हेच शब्द लाल शाईनं खोडले. त्यानं एकही खोडला नाही. मला त्याचं फार कौतुक वाटलं, आजही वाटतं.

आता ते क्रियापद. अमोघनं सोन्याला सांगितलं होतं, बाई घराबाहेर पडताना 'जाते' म्हणतील, तेव्हा सगळं बंद करायचं. परत आल्यावर 'येते' किंवा 'आले' म्हणतील, तेव्हा सगळं चालू करायचं. कॉम्प्युटरच्या हिशोबानं चोख! सगुणाबाई पौडला लग्नाला निघाल्या. दार ओढताना म्हणाल्या, "सोन्या, येते रं." झालं! सोन्याला वाटलं, बाई आल्या. दिवे लागले, पंखा लागला, गिझर लागला, टीव्हीवर मोठ्यानं मालिका सुरू झाली. शेजारच्या गोजराबाईंचा मला फोन, "बाई, सगुना तर लग्नाला गेली, मंग घरात टीव्ही कोन बघतंय?" त्यांची पाचावर धारण बसली होती. खिडकीतून बघतो तर घरात कुणी नाही आणि सासू-सुनेचं भांडण चाललेलं.

मी अमोघला फैलावर घेतलं. म्हटलं, अरे, परभणीला घरातून निघताना आईला काय सांगतोस? म्हणाला, "येतो म्हणतो." मग? तर म्हणे, "मॅडम, ते माणसांना. यंत्राला कोण येतो म्हणंल?" मी म्हटलं, सगुणाबाई यंत्राला नाही सांगत, घराला सांगतात. आपल्यात बाई उंबरा ओलांडताना 'जाते' म्हणत नाही. अशुभ असतं ते. त्यानं निमूट दुरुस्ती केली, 'येते' म्हटलं की सगळं बंद, 'आले' म्हटलं की चालू. मग विचारलं, "पण 'जाते'चं काय करू? शब्द मोकळा राहिला." मी सहज बोलून गेले, ठेव बाजूला. ज्या दिवशी बाई घरात 'जाते' म्हणेल, त्या दिवशी समज की काहीतरी बिनसलंय.

पण घरी जाऊन त्यानं काय केलं? सोन्याला शिकवलं की बाई 'जाते' म्हणाल्या की दाराचं कुलूप आतून उघडायचं, आणि गोजराबाईंना, मला, विश्रामला आणि त्याला स्वतःला फोन लावायचा. मी वाक्य टाकून मोकळी झाले होते, ह्या मुलानं ते उचलून जपून ठेवलं.

गेल्या हिवाळ्यात सगुणाबाई मोरीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हलता येईना, ओरडायला त्राण नाही. घरात कुणी नाही. मग माणूस ज्याच्याशी रोज बोलतो त्याच्याशीच बोलतो ना? त्या पुटपुटल्या, "सोन्या, जाते रं मी आता."

गोजराबाई भाकरी थापत होत्या. फोनमध्ये अमोघचा भरून ठेवलेला आवाज, "सगुणाबाई जाते म्हणतायत, लगेच या." गोजराबाई त्या आवाजालाच म्हणाल्या, "व्हय, आलेच!" आणि पिठाच्या हातांनी धावल्या. पाठोपाठ मी. कुलूप उघडं होतं. मी पिरंगुटला फोन केला, डॉक्टर मैमुनांनी येऊन सुई दिली, स्वतःच्या गाडीत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर, तुम्ही तेव्हा म्हणालात, "संध्याकाळपर्यंत पडून राहिल्या असत्या तर मला काही सांगता आलं नसतं."

अमोघ, तुला लाजायला होतंय, दिसतंय मला. पण आज ऐकून घ्यावंच लागेल. अरे, चार भिंतींना तू माणसाची भाषा शिकवलीस. आमची भाषा, खोडाखोड न करता!

आता आज सकाळचं. अमोघची कोईमतूरला बदली झाली, आणि विश्रामचा धीर सुटला. "आता सोन्याकडे कोण बघणार? आई, चल," म्हणाला. पिशवी भरली, गाडीच्या डिकीत ठेवली. ठरलं असं की समारंभ झाला की इथूनच बावधनला, कायमचं. मी तिथेच होते. सगुणाबाई एका शब्दानं भांडल्या नाहीत. वॉकर टेकत उंबऱ्यापर्यंत आल्या, मागे वळल्या आणि म्हणाल्या, "सोन्या, येते रं." घरातले दिवे गेले. पंखा थांबला.

विश्राम म्हणाला, "आई, अगं आपण राहायला चाललोय. येते काय म्हणतेस?"

त्या म्हणाल्या, "मंग काय जाते म्हनू? म्हन म्हनतोस तर म्हनते. फोन वाजतील बग समद्यांचं."

विश्रामनं दार ओढून घेतलं. आईला गाडीत बसवलं आणि इथे आला. तो बघा, खांबाजवळ बसलाय. विश्राम, तुझी काळजी खोटी नाही. पण त्या दिवशी अमोघ हिंजवडीला होता रे. सोन्यानं फक्त हाक मारली. धावल्या त्या गोजराबाई. गाडी काढली ती डॉक्टरांनी. ती माणसं कुठे बदलून चालली आहेत? आणि सोन्या बिघडलाच, तर त्याला बंद-चालू कसं करायचं ते अमोघनं मला शिकवलंय. बाकीचं तो तिकडून बघणार आहे. माझ्या शाळेत तू कधी...

विश्राम, अरे उठलास कुठे? माझं बोलणं व्हायचंय अजून. काय? मोठ्यानं बोल. गोजराबाई, काय म्हणतोय तो?

"पिशवी घरात ठेवून येतो" म्हणतोय!

सगुणाबाई, रडू नका हो. मलाही मग बोलवायचं नाही.

असो. वाजवा टाळ्या. अमोघसाठी वाजवा, विश्रामसाठी पण वाजवा.

डॉक्टर, आपण वेळ काढून आलात, मंडळ आपलं ऋणी आहे. अध्यक्षांनी एवढं बोलू दिलं, फोनमधल्या त्या शोभेची आठवण काढली तरी माइक बंद केला नाही, त्यांचेही आभार. बोलण्याच्या भरात कुणाची थट्टा झाली असेल, कुणाचं नाव राहिलं असेल, तर म्हातारीचं बोलणं समजून पोटात घाला. अमोघ, अनुष्का, परवा बंगल्याला कुलूप लावाल तेव्हा दाराकडे वळून काय म्हणायचं, ते मी आता शिकवायला नको.

मलाही आता खाली बसायचंय. पण दुसरं काही बोलले तर गोजराबाई पिठाच्या हातांनी धावत येतील. म्हणून एवढंच म्हणते, मंडळी, येते.