नाव न विचारता

एटापल्लीच्या बसस्टँडवर केवळरामभाऊ मागच्या बाकावरच्या दोन पोरांचं बोलणं कीर्तनाला बसल्यासारखे ऐकत होते.

"प्रफुल, हा सिनेमा पाह्यच! घोडे, बंदुका, चहूकडं बर्फ. खोपटात एकटी म्हातारी. दारी येईल त्याले नाव न इचारता जेवू घालते."

"आमची माय बी तशीच हाय, अजय. उपाशी माणसाले नाव इचारत नसतात म्हणते."

"मंग दुसरी टोळी येते. 'कोणाले जेवू घातलं?' असा दम देते."

"म्हातारी सांगते?"

"तेच तं पाहाचं हाय, येड्या!"

"आताच सांग. परवा आमच्या घरी दोघं जेवून गेले. आज दुसरे बंदूकवाले मायले बसवून इचारून राह्यले. म्हणून तं गावाले चाललो."

प्रफुलनं अजयचा हात धरला.

"शेवटी वाचते का म्हातारी?"

"चाल, मी बी येतो तुयासंग."