फुलाचं कुळ

काका : तुला मी इथे वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटांत डांबरगोळ्या टाकायला ठेवलंय. फुलं कापायला नाही.

पुतणी : तुम्ही कापलं नव्हतं म्हणून कापलं, काका. गरम पाण्यात मऊ केलं आणि उभं चिरलं.

काका : तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवतोय मी. बाहेरून बघून फुलाचं कुळ सांगतो.

पुतणी : तेच तर छापून आलंय. लिलीचं कुळ, नवी जात, शोधणारे तुम्ही.

काका : सहा पाकळ्या, सहा पुंकेसर. लिली नाही तर काय, कोबी?

पुतणी : अंडाशय कुठे आहे ते बघितलंत?

काका : पाकळ्यांच्या वर. लेखातल्या आकृतीत स्वच्छ दिसतोय.

पुतणी : आकृती मी काढली, फोटोवरून. अंडाशय दिसत नाही म्हटल्यावर तुम्हीच म्हणालात, लिलीत असतो तसा वर दाखव. हा पाकळ्यांच्या खाली आहे, देठाच्या टोकाला. अकरावीची मुलं हे आधी बघतात.

काका : बीएस्सीला दोनदा गटांगळ्या खाल्लेल्या मुलीनं मला अकरावी शिकवू नये.

पुतणी : गणितात खाल्ल्या. फुलांत नाही.

काका : माझ्या शब्दावर नोकरी लागली तुला.

पुतणी : म्हणून तर आधी तुम्हाला सांगतेय.

काका : उपकारच झाले. भिंग आण. बघू तरी काय दिवे लावलेस.

पुतणी : हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण घ्या.

(काका भिंगातून बघतात. बराच वेळ बघत राहतात.)

पुतणी : खाली आहे ना?

काका : म्हणजे कुळच चुकलं.

पुतणी : आणि नवी जातही गेली. खऱ्या कुळाच्या कपाटात या झाडाचे अकरा नमुने पडलेत. लोक कुंड्यांत लावतात हे. कुणाच्या तरी बागेतला कंद वाहत ओढ्याकाठी गेला, रुजला, आणि तुम्हाला सापडला.

काका : उद्या सत्कार आहे. जातीला आईचं नाव दिलंय मी, तिला पहिल्या रांगेत बसवणार आहेत. हे ओतून टाक मोरीत. फूल एकच होतं, कुणाला कळणार नाही.

पुतणी : तीस वर्षांच्या शिकवण्याचा हा अर्क. आकृतीखाली माझं नाव आहे, काका. संपादकांना पत्र लिहून ठेवलंय. तुम्ही सही केलीत तर दोघांचं, नाहीतर माझं एकटीचं.

काका : आणि तुझ्या आजीला काय सांगू? तुझ्या नावाचं फूल कुंडीतलं निघालं म्हणून? ऐंशी ओलांडलीय तिनं. तुला काय, पत्र टाकलं की मोकळी.

पुतणी : तिला माहीत आहे.

काका : केलीस चुगली.

पुतणी : मी कशाला करू? तुम्ही मासिक घेऊन गेलात त्याच दिवशी तिनं ओळखलं. पूर्वी आपल्या शेजारणीच्या जिन्यात असायचं म्हणे.

काका : मग दोन महिने गप्प का बसली?

पुतणी : मीही तेच विचारलं.

काका : काय म्हणाली?

पुतणी : म्हणाली, त्या फुलापायी तो माझ्यापाशी तासभर बसला होता.

काका : पत्र दे इकडे. शुद्धलेखन बघतो, मग सही करतो.